डोळा माशाबाहेर

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर अकरा.
सकाळपासून माशाचा डोळा
माशाच्या बाहेर पडतोय.

दिवाळ्याच्या मच्छीवाल्या बायांची ऑर्डर,
दोनशे दहा टी-शर्ट, निळ्यावर तीन रंग:
आधी पांढरं अंग, मग पिवळे कल्ले,
शेवटी काळी रेघ आणि काळा डोळा.
शनिवारी होड्यांची शर्यत.
मथुराबाई फोनवर म्हणाली,
"दादूस, सरंगा ताजा दिसला पायजे.
गिऱ्हाईक डोला बघूनच घेतं."

अर्जुनाला म्हणे नुसता डोळा दिसला होता.
मलाही दुसरं काही दिसत नाही.

पहिला संशय मशीनवर.
तीन नंबरचा हात किंचित डुलतो, जुनी खोड.
बोल्ट आवळले, सायकलच्या ट्यूबचा वॉशर कापून घातला,
चिंधीवर छापलं.
डोळा बाहेर.

मग गम. पाटावर इतका कापूस बसलेला
की शर्ट चिकटायच्या ऐवजी नुसता टेकत होता.
खरवडला, पुसला, नवा मारला.
डोळा बाहेर.

मग फ्लॅशवर आळ.
दोन रंगांच्या मध्ये कापड तापतं, तापलं की आखडतं,
म्हणून आधी रिकामे पाटच दिव्याखाली फिरवले,
तव्यासारखे तापू दिले.
डोळा बाहेर, पण जवळ.
जवळचे पैसे कोणी देत नाही.

फिल्म राहिल्या. तिन्ही एकावर एक धरून
ट्यूबलाइटसमोर उभा राहिलो.
चारी कोपऱ्यांतले क्रॉस असे जुळले
जसे एकाच पेनानं काढलेले.
फिल्मवाल्या पोराला मनात दिलेल्या शिव्या
मनातच परत घेतल्या.

रुबीना तीन महिन्यांपूर्वी आली.
शर्ट चढवायचे, उतरवायचे, एवढंच तिचं काम.
मी चिंध्या चुकल्या की बोळा करून कोपऱ्यात फेकत होतो.
तिनं त्या उचलल्या, उलगडल्या,
दोरीवर लावल्या, आधीची आधी, नंतरची नंतर,
सतरा मासे.

"काका, डोळा इकडेतिकडे जात नाहीये.
दर वेळी तुमच्याकडेच येतोय.
आणि दर चिंधीला जास्त."

मी म्हणालो, सव्वीस वर्षं झाली मला या कामात.
ती काही बोलली नाही.
काळ्या स्क्रीनच्या जाळीवर बोटानं टिचकी मारली.
ढब.
मग पांढऱ्याच्या.
टण.

सैल जाळी पायपुसण्यासारखी असते,
जोरात ओढलं की ओढणाऱ्याकडे येते.
आणि मी ओढत होतो.
दिवाळीत गाळ्याच्या पायरीवरून पडलो,
तेव्हापासून उजवा खांदा वर जात नाही,
म्हणून स्क्वीजी आडवा पडतो,
म्हणून दाब वाढतो,
म्हणून सरकतो डोळा,
सुतासुतानं, माझ्या दुखण्याच्या दिशेला.
हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.
चिंध्यांनी सांगितलं.

नवी जाळी ताणायला एक दिवस जातो.
आज गुरुवार.

स्क्वीजी तिच्या हातात दिला.
देताना दांडा जरा जास्त वेळ धरून ठेवला, कबूल करतो.
तिनं तो उभा धरला, जवळजवळ सरळ,
आणि असा ओढला
जसं झोपलेल्या पोरावरून पांघरूण काढावं.
आवाजसुद्धा आला नाही.

फ्रेम उचलली.
डोळा माशात.

"अजून एक," मी म्हणालो.
माशात.
"अजून एक."
"काका, आता शर्ट चढवा," ती म्हणाली.

चढवले.
एकशे नव्वदीला पाय भरून आले,
दोनशे एकला शाई कमी पडली, पातळ केली नाही,
शेजारच्या गाळ्यातून वाटीभर उसनी आणली.
दोनशे दहाव्याला बाहेर कुत्री झोपली होती.

मथुराबाईनं शुक्रवारी पेटी उघडली,
वरचाच शर्ट उचलून उजेडात धरला,
कल्ला उचलून बघतात तशी शिवण उलटी केली,
मग म्हणाली, "ताजा हाय,"
आणि वीस रुपये कमी करायला लागली.

सतरा चिंध्यांतली एक मी ठेवलीय, चष्मा पुसायला.
तिच्यात डोळा माशापासून बोटभर लांब,
थेट माझ्याकडे आलेला.
खांद्याच्या डॉक्टरची वेळ सोमवारी संध्याकाळी आहे.
रुबीनानं फोन करून घेतली.